शॉर्टस्टॉप हेलनमावशी

फेब्रुवारीत हेलनमावशीच्या भाचीचा फोन आला, तेव्हा मी नोव्हाय गावातल्या आमच्या घरासमोरचा बर्फ काढत होते. "शी पास्ड अवे धिस मॉर्निंग," एवढंच ती म्हणाली... मी शेजारच्या बंद घराकडे बघत उभी राहिले.

नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आले, तेव्हा माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. दिवस खायला उठायचा. शेजारी ही पंचाहत्तरी ओलांडलेली, एकटी बाई. पहिल्याच भेटीत माझ्या तोंडून 'मावशी' निघून गेलं. अर्थ कळल्यावर ती खूश झाली. एकदा आमच्या मुलांचा चेंडू कुंपणावरून तिच्याकडे गेला. तिनं तो असा सणसणीत परत फेकला, की मी बघतच राहिले.

"मला याचा पगार मिळायचा," ती सहज म्हणाली.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेले आणि बायकांची व्यावसायिक बेसबॉल लीग निघाली. त्यात ही शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारी, आलेला चेंडू अडवून थेट पहिल्या बेसवर फेकणारी. बेस गाठायला स्कर्ट घालून मातीत घसरायचं, मांड्या सोलवटून निघायच्या. तरी मैदानात उतरताना लिपस्टिक हवीच. पुढे प्रेक्षक आटले, लीग बंद पडली. ती बसनं घरी आली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला लागली. लग्न झालं; नवऱ्याला तो विषय आवडत नसे. "नंतर कोणी विचारलंच नाही," ती म्हणायची.

कॅन्सर कळल्यावर तिला एकदा तिचं जुनं मैदान बघायचं होतं. ऑक्टोबरात मी ड्राइव्ह करून घेऊन गेले. माझा हात सोडून ती आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली, पहिल्या बेसकडे बराच वेळ बघत... मी चेंडू पुढे केला.

"नको गं. पोचला नाही, तर तेवढंच लक्षात राहील."

परतताना ती गाडीत रडली.

फ्युनरलला सगळे तिच्या ॲपल पायबद्दल, विणकामाबद्दल बोलले. बेसबॉलचं नावही नाही. शेवटी मीच उठले. ती कोण होती, ते सांगितलं. भाची मला बिलगून म्हणाली, "व्हाय डिडन्ट शी टेल अस?"

आता एप्रिल आहे, मॅचेस सुरू झाल्यात. या दिवसांत मावशी अंगणात रेडिओ लावून बसायची आणि मी इकडे पोळ्या लाटताना कॉमेंटरी ऐकायचे. काल कणीक मळायला घेतली आणि सवयीनं खिडकी उघडली. बाहेर काहीच आवाज नव्हता. गार वारा आत येत होता... तरी खिडकी लावून घ्यायला हात उचलेना.