नारळ हातात घेऊन केलेला ठराव

गेली अकरा वर्षं मी आमच्या दिंडोशीच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि राहतो तळमजल्यावर. त्यामुळे बंद पडलेल्या लिफ्टची मला फारशी तळमळ नव्हती, हे कबूल करतो.

तिसऱ्या माळ्यावरच्या लवू तावड्यांची जान्हवी विद्यापीठात अभिनय आणि राज्यशास्त्र असे दोन विषय एकदम शिकते. लवू कोर्टात पुकारा करतो. त्याच्या आवाजाने साक्षीदार जिन्यातूनच ओ देतात. पोरीच्या विषयांनी मात्र त्याचं डोकं उठलं होतं. "एक शिकान रडूचा आणि दुसरा शिकान फसवूचा," तो म्हणे. शेवटी त्याने अट घातली: खर्चावरून वर्षभर रखडलेला लिफ्टचा ठराव सभेत पास करून दाखव, नाहीतर दोन्ही सोड आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास लाव.

आमची सभा वार्षिक पूजेनंतर तिथेच भरते. जान्हवीने आधी राज्यशास्त्र काढलं. हक्क, बहुमत, अल्पमत. पहिल्या माळ्यावरच्या दिपेशने जांभई दिली. मग अभिनय. चौथ्या माळ्यावरच्या प्रेमाआजी गुडघे धरून जिना कशा उतरतात ते तिने करून दाखवलं आणि खरोखर रडली. दुसऱ्या माळ्यावरच्या शीतलवहिनींनी तिला पाणी दिलं, मत दिलं नाही. लवू क्लासचा फॉर्म खिशात घेऊनच बसला होता. मला पोरीची कीव आली, पण हात मीही वर केला नाही.

तेव्हा तिने डोळे पुसले, चपला काढल्या, पूजेतला नारळ उचलला आणि देवाला घालतात त्या गाऱ्हाण्याचा सूर लावला.

"बा देवा म्हाराजा..."

सोसायटीत बहुतेक सगळे कणकवलीकडचे. गाऱ्हाणं सुरू झालं की आमचा माणूस उठतो, हात जोडतो, आणि देवाकडे काय मागतायत हे डोक्यात शिरायच्या आत तोंडातून होकार देऊन मोकळा होतो. सगळ्यात मोठा होकार दरवर्षी लवूचा.

"व्हय म्हाराजा!"

"प्रेमाआजी गुडघ्यांनी बेजार झाली आसा, तिच्यासाठी ह्या महिन्यात लिफ्ट चालू होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तळमजल्यावरचो कोण आडो येत आसात, तर तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मीसुद्धा म्हणालो.

"आणि तुझ्या ह्या लेकराक दोन्ही विषय पुरे शिकांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" लवूचा आवाज समोरच्या बिल्डिंगपर्यंत गेला असेल. मग त्याने डोळे उघडले.

"देवासमोर हो म्हणून बसलो यार," दिपेश म्हणाला, "आता नाही कसं म्हणणार?"

मी ठराव लिहायला घेतला. लवू माझ्याजवळ आला. शेवटचं खोडायला सांगणार असं वाटलं. त्याने खिशातला फॉर्म काढून त्यावर प्रसादाचं खोबरं ठेवलं आणि हळूच म्हणाला, "सेक्रेटरी, दोन्ही विषय म्हणून लिवा हां. एकच लिवलास तर परत नारळ उचलतला ता पोर."