नाल्यापलीकडे हाकललेली टोळधाड

“आधी तो डीजे बंद करा!”

मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून ओरडत होते. कोणी ऐकेना. लग्नासाठी ठरवलेला डीजे शेताच्या बांधावर आणून ठेवला होता आणि नाल्याकडे तोंड करून तो पूर्ण आवाजात वाजत होता. पलीकडचं गाव ताटं, तेलाचे रिकामे डबे आणि फटाके वाजवून उत्तर देत होतं. मधल्या आभाळात टोळधाड. इकडून हाकलली की तिकडे, तिकडून हाकलली की इकडे. प्रत्येक फेरीत दोन्हीकडची हिरवळ कमी होत होती.

मी मंडळ कृषी अधिकारी. म्हणजे पंचवीसेक गावांच्या पिकांची डॉक्टर म्हणा, फक्त इथे पेशंट गप्प असतो आणि नातेवाईक भांडतात. ही दोन गावं जानेफळहून अमडापूरकडे जाताना लागतात. नावं सांगत नाही, दोन्हीकडे मला अजून चहा प्यायचा आहे. कबड्डीच्या कुठल्याशा जुन्या फायनलपासून त्यांचं वाकडं. सोयरीक नाही, एकमेकांच्या पंगतीला जाणं नाही.

अलीकडच्या गावचा सरपंच सुभाष. त्याच्या टोमॅटोचा प्लॉट नाल्याला लागून. मी त्याचा हात धरून त्याला डीजेपासून लांब नेलं.

“सुभाषभाऊ, सकाळी मी फोन केला होता ना? पलीकडे आज फोन लागत नाही, त्यांना निरोप द्या म्हणून?”

“हाव मॅडम.”

“दिला?”

त्यानं नाल्यापलीकडे हात केला. “ते कोन आमाले सांगतेत कदी? आन मॅडम, हे पाकिस्तानी टोळ हायेत. आपल्या वावरात काऊन ठेवाचे? हाकलले की झालं.”

माझं डोकं सणकलं. हाकललेला टोळ मरत नाही, तो फक्त दुसऱ्याचा होतो. टोळ दिवसा उडतात आणि दिवस मावळला की झाडांवर बसतात. रात्रभर खातात, पण पहाटेच्या गारव्यात सुस्त असतात, ऊन चढेपर्यंत उडत नाहीत. फवारणी करायची ती तेवढ्याच वेळात. त्यासाठी धाड एका जागी बसली पाहिजे, आणि जिथे ट्रॅक्टर पोहोचेल अशा जागी. आवाज करत राहिलो तर ती फुटते, दहा गावांत विखुरते. मग कोणाच्याच हाती काही लागत नाही.

तेवढ्यात मेहकरहून तालुक्याच्या कृषी साहेबांचा फोन.

“मॅडम, टोळ आपल्या तालुक्याबाहेर जातायत का?”

“वारा फिरला तर जातील.”

“मग जाऊ द्या की!”

“साहेब, उद्या तिकडचे साहेबही हेच म्हणतील. परवा परत आपल्याकडे.”

“बरं. पहाटे फवारणीचा टँकर पाठवतो.”

टँकर मिळाला, पण टोळ बसवायचे कुठे? रस्त्यालगतच्या जागा दोनच. अलीकडे सुभाषचा प्लॉट, पण टोमॅटोत दाट बसत नाहीत, झाडं लागतात. पलीकडे कमलबाई इंगळेंची लिंबाची बाग. विधवा बाई, ती बागच तिचं घर चालवते. मी नाला ओलांडला. सुभाष आणि त्याचे चौघे मागून आले, भांडायच्या तयारीने.

कमलबाई हातात डबा घेऊन बागेच्या तोंडाशीच उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. पलीकडचे तरुण उसळले, “आमचीच बाग काऊन? त्याइनं सकाळी सांगतलं असतं तं तयारी तरी केली असती!”

“मॅडम, तुमाले कोनं सांगतलं?” कमलबाईंनी मला विचारलं.

मी खरं ते सांगितलं. ही खबर आमच्यापर्यंत लांबून येते. टोळ वाळवंटात अंडी घालतात. तिथला, सीमेपलीकडचा कृषी खात्यातला माणूस उन्हात उभा राहून बघतो आणि कळवतो. मग राजस्थानातला माणूस पुढे कळवतो. दोन देशांचं बाकी काही पटो न पटो, टोळांचा निरोप थांबवत नाहीत.

कमलबाईंनी सुभाषकडे पाहिलं. “म्हंजे पाकिस्तानातला मानूस सांगते, आन नाल्यापलीकडचा सांगत नाई?”

बाईंनी हातातला डबा खाली ठेवला.

“बसू द्या माह्या लिंबावर,” त्या म्हणाल्या. “लिंब पुना फुटते. पन पंप तुमच्या गावात हायेत, आमच्यात एकच हाय. तुमचं वावर वाचलं तं माह्यं वाचवाले या.”

डबे थांबले. थोड्या वेळानं डीजेही थांबला. टोळ बागेवर उतरले, आणि त्यांच्या खाण्याचा कुरकुर आवाज रस्त्यापर्यंत येऊ लागला. बाई अंगणात बसून तो ऐकत होत्या. मला तिथे थांबवेना आणि निघवेना.

पहाटे मी बागेपाशी आले तेव्हा टँकर होता आणि पलीकडच्यांचा एक पंप. एवढ्यानं अर्धी बागसुद्धा होणार नव्हती. अलीकडचे येतील याची मला, खरं सांगते, खात्री नव्हती. झुंजूमुंजू झालं आणि नाल्यात ट्रॅक्टरचा आवाज आला. एक नाही, गावात होते नव्हते तेवढे सगळे, मागे फवारणीचे पंप लावलेले. पुढच्या ट्रॅक्टरवरून सुभाष उतरला.

“जय भीम, मावशी. कुठून सुरू करू?”

“जय भीम. रस्त्याकडून घे. तिकडं लय बसले.”

ऊन चढायच्या आत काम झालं. झाडाखाली मेलेल्या टोळांचा थर पडला. थोडे निसटले, त्यांची दिशा पुढच्या तालुक्याला लगेच कळवली. बागेचा पाला गेला तो गेलाच. पण पाऊस पडल्यावर लिंबांना पालवी फुटली, आणि त्या आधी अलीकडच्या गावातून शेणखताच्या ट्रॉल्या आल्या होत्या, न सांगता.

नंतर एकदा सुभाषचा फोन आला. “मॅडम, त्या वाळवंटातल्या सायबाचा नंबर हाय काय?”

“कशाला?”

“पोचला म्हनाव तुमचा निरोप. थोडा उशीर झाला आमच्याकून.”

मला हसू आलं आणि भरूनही आलं. तो नंबर माझ्याकडे नव्हता, आजही नाही. आता टोळांची खबर आली की मी पहिला फोन सुभाषला करते आणि विचारते, “पलीकडे सांगितलं?”

“मॅडम,” तो म्हणतो, “मावशीले तिकडच्या गावातून कळलं, तिचाच मले फोन आला होता.”

वाळवंटातल्या माणसाचा नंबर नसला तरी चालतं. नाल्यापलीकडच्याचा मात्र पाहिजे.