मागे सरून बघायची नदी

कट्टा गावाजवळच्या आमच्या वाडीत पाहुण्याला उलट्या पावली चालवणारं घर एकच, आबामास्तरांचं. पडवीत चढलात की पाणी विचारायच्या आधी मास्तर भिंतीवरच्या नदीच्या चित्राकडे बोट करत आणि तुम्हाला पुन्हा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उतरवत. "मागे सरा. अजून. तुळशीपर्यंत जावा. लांब गेल्याशिवाय न्हंय दिसाची नाय."

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी ते शिकायला पुण्यात होते, तेव्हा बघितलेली मुठा नदी त्यांनी रंगवली होती. जवळून बघावं तर नुसते फटकारे, जांभळे, पिवळे, मातकट. तुळशीपाशी पोचलात की मात्र त्यांचा पूल होई, घाट होई, शहराचे दिवे पाण्यात हलू लागत. दिसेपर्यंत चहा येत नसे, त्यामुळे बहुतेकांना लवकर दिसे.

मागे सरली नाही ती फक्त काकी, मास्तरांची बायको. "गो, एकदा तरी ये," मास्तर आर्जव करत. "न्हंय बघीत रवलंय तर पेज करपात," ती चुलीपाशून म्हणे. "माका तां हात पुसलेल्या फडक्यासारखां दिसता." हे मास्तरांना फार लागे. तिला दाखवता येईना म्हणूनच ते साऱ्या गावाला दाखवत सुटले होते, असं माझं मत आहे.

लेकीला बघायला कणकवलीचे पाहुणे यायचे होते, तेव्हा काकीने बजावलं, "आज न्हंय नको." मास्तरांनी मान डोलावली आणि मुलाच्या वडिलांना सरळ खळ्यात नेलं. ते मागे सरता सरता वाळत घातलेल्या आमसुलांत पांढऱ्या विजारीसकट बसले. काकीने कपाळावर हात मारला. मास्तर वाकून विचारतात काय, "दिसली मां?"

"दिसली ओ! पूल पण दिसलो!" गृहस्थ बसल्या जागेवरून म्हणाले. लग्न जमलं.

गेल्या साली मास्तर गेले. दिवसकार्य झाल्यावर जावयाने हार घातलेला फोटो आणला आणि चित्राच्या जागी लावायला म्हणून तो स्टुलावर चढला.

"रवा," काकी म्हणाली. ती खळ्यात उतरली आणि आमच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे गेली. पदर तुळशीला लागला तेव्हा थांबली. मग डोळे पुसून म्हणाली, "चित्र थंयच रवांदे. फोटो समोरच्या खांबार लावा, चित्राकडे तोंड करून."

त्यामुळे हल्ली त्या घरी गेलात की आधी मास्तरांची पाठ दिसते. मला त्यांची फार आठवण येते. परवा पडवीत चढून फोटोसमोर हात जोडले, तर आतून काकी ओरडली, "आड हुबो रवू नको रे, तेंका न्हंय दिसणा नाय!"