वसुधाताईंचं खोटं वाक्य

वसुधाताईंच्या कामाची सुरुवात रोज खोट्याने व्हायची. जर्मनीतल्या लाइपझिगच्या आमच्या विद्यापीठात त्या वीस वर्षं शित्सोंगा या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषेवर संशोधन करत होत्या. ती भाषा बोलणारं माणूस समोर बसलं, की पहिलं वाक्य त्या मुद्दाम चुकीचं विचारायच्या. "असं म्हणता येईल का हो?" माणूस "छे छे!" म्हणालं, की वही उघडायची. "हो" म्हणालं, की वही बंद. मग नुसता चहा आणि गप्पा. त्या दिवसाचं एकही उत्तर त्या वापरत नसत.

"अगं, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणणं ही माणुसकी झाली, पुरावा नव्हे," त्या म्हणायच्या. "तुझी घरमालकीण केक देते आणि कसा झालाय विचारते, तेव्हा तू काय सांगतेस?"

"छान."

"गेनाऊ! अगदी बरोबर!"

त्यांचा चहा म्हणजे आलं ठेचून, चांगला उकळलेला. पिशवीच्या चहाला त्या 'कोमट बदनामी' म्हणत आणि कुणी पुढे केलाच तर त्याच्या देखत बेसिनमध्ये ओतत, मग देणारा विभागप्रमुख का असेना. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन हजार पंधराच्या सुमारास मी त्यांच्याकडे पीएचडी करत होते. काम कुणासाठी केलं, हे शित्सोंगात क्रियापदालाच एक शेपूट जोडून सांगता येतं. ते शेपूट कुठे चालतं आणि कुठे नाही, हा माझा विषय. शिष्यवृत्ती संपत आली होती, व्हिसा तिच्यावर टांगलेला, आणि प्रबंध द्यायला उरले होते तीन आठवडे. पुण्यात बाबांनी पेढे कुठून आणायचे तेसुद्धा ठरवलं होतं.

माझी सगळी मदार कोक्वानांवर होती. कोक्वाना म्हणजे आजी. लिंपोपोच्या शाळेत आयुष्यभर शिकवून त्या आता इथे नर्स असलेल्या लेकीकडे राहत होत्या. हिवाळाभर मी एकटीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी शेंगदाणे घातलेली भाजी खाऊ घातली, मी माझं रडगाणं गायलं. आणि मग मी विचारलेल्या चाळीस वाक्यांना त्यांनी चाळीसदा "हो" म्हटलं. मी हवेतच होते.

ताईंनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि कानावरचे हेडफोन खाली ठेवले.

"मुग्धा, खोटं वाक्य कुठाय?"

"इतक्या प्रेमळ बाईला काय फसवायचं, ताई, म्हणून..."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त डायरी उघडून दुसऱ्या दिवशी दहा वाजता कोक्वानांचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या सोफ्यावर बसलो. ताईंनी खोटं वाक्य विचारलं. कोक्वानांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "हो, म्हणता येईल," त्या म्हणाल्या. मी गालिच्याकडे बघत राहिले. मग ताईंनी पिशवीतून शाळेची चाळीस पानी वही काढली. माझी सगळी वाक्यं त्यांनी रात्रीतून तिच्यात उतरवली होती. सोबत लाल पेन.

"कोक्वाना, एका विद्यार्थिनीची वही आहे. तपासून द्याल?"

कोक्वानांनी चष्मा लावला आणि बाई पार बदलली. पाठ ताठ, ओठ घट्ट. फुली. फुली. एक बरोबर. पुन्हा फुली. पेनाचा तो आवाज मला अजून सहन होत नाही. "कोण ही पोरगी? लक्ष कुठे असतं हिचं?" त्या पुटपुटल्या. चाळीसपैकी सव्वीस वाक्यांवर फुल्या पडल्या. मला ताईंचा असा संताप आला होता, की उठून निघून जावंसं वाटलं.

मग कोक्वानांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तूच म्हणाली होतीस, हे जमलं नाही तर तुला परत पाठवतील. मग मी नाही कसं म्हणू गं?"

कुणी काय कुणासाठी केलं, यावर तीनशे पानं लिहिली होती मी. आणि ही बाई चाळीस वेळा माझ्यासाठी हो म्हणाली, ते मला कळलं नव्हतं.

ट्रामच्या स्टॉपवर मी ताईंवर फुटले. "तीन आठवडे गप्प बसला असतात, तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"माझं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "कोक्वानांच्या नातवंडांनी उद्या तुझं पुस्तक उघडलं असतं. रड हवं तेवढं. सोमवारी नऊला ये."

सोमवारी त्याच माझ्याबरोबर आउसलेंडरबेहोर्डेत आल्या. परदेशी लोकांच्या व्हिसाचं ते ऑफिस, तिथे मला एकटीने जायची भीतीच वाटायची. अधिकाऱ्याने विचारलं, "सहा महिन्यांत प्रबंध नक्की होईल?" ताई ठामपणे म्हणाल्या, "हो." बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय? हा 'हो' माणुसकीचा होता," त्या म्हणाल्या. "आता त्याचा पुरावा तू करायचा."

केला. उरलेल्या चौदा वाक्यांवरून तो अख्खा भाग पुन्हा लिहिला.

त्यानंतर दोन वर्षांनी ताई हॉस्पिटलमध्ये होत्या. मी तोवर पार उत्तरेला, कील शहरात नोकरीला लागले होते. फोनवर त्यांचं एकच पालुपद, "बरी आहे गं, तू कशाला येतेस इतक्या लांब?" शेवटी एका शुक्रवारी गेलेच. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, खांदे अगदी खाली आलेले. समोर कागदी कपात पिशवीचा चहा.

तब्येतीचं विचारायचं तोंडावर आलं होतं. पण मी आधी दुसरंच विचारलं.

"ताई, इथला चहा चांगला असतो का हो?"

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हो. छान असतो."

मला रडू आवरेना. त्या मात्र हसल्या, अगदी पूर्वीसारख्या. "मिटलीस ना वही?"

"मिटली."

"शहाणी आहेस. बस आता गप्पा मारत."

मी तिथूनच ऑफिसला फोन करून पंधरा दिवसांची रजा टाकली. रोज थर्मासमधून आल्याचा चहा नेत होते. अकरा दिवस नेला.