पडताळाबाई आणि आमच्या घरचा वाघ

मराठीच्या पडताळाबाईंना गोष्टीतली एकही उपमा ऐकीव चालत नसे. नायिकेचे डोळे करवंदांसारखे, असं धड्यात आलं की त्या मंडईतून करवंदं आणून वर्गातल्या एकेकाच्या डोळ्यांशेजारी धरत आणि उरलेली खाऊन टाकत. "आधी बघा, मग लिहा," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचं हे नाव आम्हीच ठेवलेलं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

दहावीत मी शाळेच्या वार्षिक अंकासाठी गोष्ट लिहिली. ती छापून यावी म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते. तीत एक वाक्य होतं: बाबा वाघासारखे गरजले. बाईंनी गोष्ट बाजूला ठेवली आणि रविवारी सकाळी बिबवेवाडीला आमच्या घरी येऊन बसल्या. बाबांचा आवाज ऐकायला.

एरवी चहात साखर कमी पडली तरी बाबा अख्खी इमारत गोळा करत. त्या दिवशी मात्र, "अहो बाई, आपण पोहे घ्या ना," यापलीकडे आवाज चढेना. तास गेला. मी गणितात नापास झाल्याचं मुद्दाम सांगून पाहिलं, तर म्हणाले, होतं असं कधीकधी. आईने बाईंसाठी वरणभाताचा कुकर लावला. गोष्ट हातची जाणार, हे दिसत होतं. शेवटी मी म्हणालो, मी कॉम्प्युटरला जाणार नाही, मराठी घेणार.

शेजारचा मुलगा त्याच महिन्यात कॉम्प्युटरच्या जोरावर अमेरिकेला निघाला होता. बाबांच्या नाकातून आधी नुसती हवा आली. मग ओठ थरथरले. मग ते फुटले, आणि त्याच क्षणी आत कुकरची शिट्टी झाली. बाईंनी बोट वर करून दोन्ही आवाज शेवटपर्यंत ऐकले.

"अरे, हे वाघ नाहीत, कुकर आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "खोड ते."

गोष्ट कुकरसकट छापून आली. बाबांनी आठवडाभर अंकाला हात लावला नाही, नंतर मात्र येईल त्या पाहुण्याला तो दाखवत सुटले. मी शेवटी कॉम्प्युटरलाच गेलो.

नोकरीला लागलो त्या वर्षी बाई गेल्या. मी बाबांना सांगितलं. ते गॅसवरून उतरवलेल्या कुकरसारखे बसून राहिले. पण सवय लागलेली, म्हणून जवळ जाऊन पाहिलं. नाकातून बारीक सूं सूं चालली होती. उपमा पास होती. दाखवायला बाई नव्हत्या.