माहेरचं पाणी

आमचा मूळ पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, नदीकाठी. वडील तो सोडून मसोलीला आले. काका तिथंच राहिले आणि आत्याला दिली ती त्याच नदीवर, खालच्या पाड्यात. नदी म्हणायची इतकंच. दिवाळीनंतर तिचा ओहोळ होतो. उन्हाळ्यात दोन्ही पाडे झिऱ्यांवर जगायचे. झिरा म्हणजे नदीच्या वाळूत हाताने उकरलेला खड्डा. त्यात पाणी पाझरेपर्यंत बायका शेजारी बसून राहतात आणि मग करवंटीने हंडा भरतात.

२०१५च्या सुमारास सरकारने काकांच्या पाड्याजवळ बंधारा बांधला. पावसाळा सरला की त्याच्या खाचांत फळ्या बसवायच्या, फटींत चिखल आणि पेंढा कोंबायचा, म्हणजे मागे पाणी तुंबतं. त्या पाण्यावर वरच्या पाड्याने मिरची लावली, वाल लावले. दिवाळी झाली की मासेमारीच्या बोटींवर नाहीतर वीटभट्टीवर निघून जाणारे बापये पहिल्यांदाच घरी राहिले. काकांनी मला बंधारा दाखवला तेव्हा ते बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा फळीवर हात ठेवून उभे होते. मला त्यांचा आनंद खोटा वाटला नाही. आजही वाटत नाही.

पण शिमग्याच्या आधीच खालच्या पाड्याचे झिरे आटले.

आत्या माहेरी आली. काकांनी रीतीप्रमाणे तिच्यासाठी लुगडं काढलं. तिने ते हातात घेतलं नाही.

"धुवायला पाणी कुठंय, भाऊ? त्यापेक्षा एक फळी काढ."

"फळी काय तुझ्या बापाची आहे?" काका हसत म्हणाले.

"नाहीतर काय तुझ्या सासऱ्याची?"

पडवीत बसलेले सगळे हसले. संध्याकाळी पाडा जमला आणि ठरलं, की लेक मागते आहे तर तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. दर उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी सकाळी वरची एक फळी उचलायची आणि दुपारी परत बसवायची.

पहिलं पाणी सुटलं तेव्हा मी खालच्या पाड्यात होते. आधी पाला आला, मग फेस, मग गढूळ पाण्याची एक जीभ वाळूवरून सरकत आली. "म्हातारीचं माहेर आलं गं," एक जण ओरडली आणि बायका हंडे घेऊन धावल्या. आत्या मात्र धावली नाही. आपल्या घरचं कार्य असल्यासारखी ती काठावर उभी राहून सगळ्यांना भरू देत होती.

मी तिच्याशी भांडले. आमच्या मसोलीच्या खोलीत वडिलांच्या मोर्च्यांच्या पत्रकांचे गठ्ठे भिंतीला लावलेले असायचे, मी अक्षरं त्यांवरच शिकले. पाणी कुणाला आहेर म्हणून मिळतं, असं त्यांत कुठे वाचलं नव्हतं.

"हे त्यांनी तुला दिलंय, पाड्याला नाही," मी म्हटलं. "ग्रामसभेत ठराव करून घ्या. खालच्यांचा वाटा मागा."

"सख्ख्या भावावर ठराव करू?"

"बंधारा सरकारी आहे, आत्या. काकांनी नाही बांधला."

"तुला भाऊ नाही ना, बाय, म्हणून बोलतेस."

तिचा मुलगाही म्हणाला, "घरच्या घरात कागद कशाला? मामा काय पळून चाललाय?" सगळ्या पाड्याचं हेच म्हणणं. वर कुणाचा मामा होता, कुणाचा मेव्हणा. मागणी केली तर पुढच्या लग्नाला तोंड कसं दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

२०१८च्या पावसाळ्यात आत्या काविळीने गेली. त्या वर्षी पाऊसही लवकर आटोपला.

पुढचा शिमगा झाला. बाजाराच्या दिवशी खालच्या बायका पात्रात उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर आलं तरी काही आलं नाही. पुढच्या बाजारालाही नाही. मग आत्याची सून वर निघाली आणि मी तिच्याबरोबर गेले. काकांनी चहा दिला, पोरांची विचारपूस केली.

"मामा, फळी," ती म्हणाली.

काका अंगठ्याने जमीन उकरू लागले. "तू आमच्या घरची आहेस, पोरी. पण पाड्याची लेक नाहीस. लोक विचारतात, आता कुणाच्या नावाने सोडायचं? मिरचीनं माना टाकल्यात. मी एकट्याने फळी उचलली तर मला इथं राहू देतील?"

"मग आता मागायचं कुणी?"

बहिणीच्या आठवणीने काकांचे डोळे भरून आले होते, आणि मला त्यांचा इतका राग आला होता की मी कप तसाच ठेवून उठले.

तालुक्याच्या कचेरीतले साहेब नीट बोलले. म्हणाले, खालच्या पाड्याने इतक्या वर्षांत पाणी कधी मागितलंच नाही. तिथं टंचाई असल्याचं कुणी कळवलेलं नाही, त्यामुळे टँकर लगेच देता येणार नाही. आता अर्ज करा, पुढच्या हंगामात पाहू. मागितलं होतं, मला सांगायचं होतं. एका बाईने माहेरच्या पडवीत बसून, हसत, मागितलं होतं. नदी अडवताना खाली कोण राहतं हे सरकारने विचारलं नाही. ते काम त्याने भावाबहिणीच्या मायेवर सोडलं, आणि माया संपल्यावर म्हणालं, अर्ज कुठंय?

अर्ज मी लिहिला. पण पोरं अर्ज पिऊन राहणार नव्हती. आत्याच्या सुनेने चिखले गावातल्या एका चिकूच्या वाडीत राखणीचं काम धरलं. ती जीपमध्ये सामान चढवत होती तेव्हा काका मिरच्यांची पिशवी घेऊन आले. तिने ती घेतली. घेऊ नये असं मला फार वाटत होतं.

"जाऊ नको म्हणायला मला तोंड नाही," काका म्हणाले. "तिकडं पाणी आहे ना?"

"विहीर आहे, मामा. मजुरीच्या आधी तेच विचारलं मी."

"काय म्हणाला वाडीवाला?"

"म्हणाला, इथं राहशील तोवर भर."