ढुंढिराजशास्त्र्यांचं मुष्टिफल

काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या ढुंढिराजशास्त्री पाटणकरांनी पस्तीस वर्षं पाठशाळेत व्याकरण शिकवलं आणि तेवढ्या काळात एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' असं उत्तर दिलं नाही. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी सुटले, सवय सुटली नाही. यंदा गंगा किती पायऱ्या चढेल इथपासून शेजाऱ्याचा रेडिओ का खरखरतो इथपर्यंत सगळ्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असे.

१९९३च्या कार्तिकात त्यांच्या गच्चीवरचा एक वेल फळला. तिथल्या फुटक्या हौदात माती भरून त्यांच्या पत्नी इंदूकाकूंनी तुळस, ओवा, मिरच्या असं काय काय लावलं होतं. त्यातूनच हा वेल निघाला, कपड्यांच्या तारेवरून कठड्यावर पसरला आणि पानांआड पोपटी फळं लोंबू लागली. पेरूहून मोठी, अंगावर सुरकुत्या, खालच्या टोकाला दात पडलेल्या तोंडासारखी घडी. दुधी म्हणावा तर दुधी नव्हे, पेरू म्हणावा तर तो वेलावर कसा?

शेजारचे श्रीराम धर्माधिकारी सकाळी पेपर मागायला वर आले. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, दोन्ही गुडघ्यांनी बेजार. त्यांनी फळ पाहिलं आणि विचारलं, "शास्त्रीबुवा, हे काय?"

शास्त्रीबुवांना खरोखरच ठाऊक नव्हतं. त्यांनी फळ निरखलं. ते आवळलेल्या मुठीसारखं दिसत होतं.

"मुष्टिफल," ते म्हणाले. "दुर्मीळ आहे. वातावर उत्तम."

श्रीरामराव समोर गुडघा चोळत उभे नसते तर 'वात' तोंडातून निघाला नसता. पण निघाला तो निघाला. श्रीरामरावांनी तिथल्या तिथे एक फळ तोडून घेतलं आणि घरी जाऊन सैंधव लावून कच्चंच खाल्लं. रोज एक खायचं असं त्यांनी आपलं आपणच ठरवलं. चौथ्या दिवशी ते काठी न घेता घाटाच्या पायऱ्या उतरले आणि वर येताना दिसेल त्याला तसं सांगत आले.

मग काय, जिना वाजायचा थांबेना. कोपऱ्यावरचा पानवाला आला, एका नावाड्याची म्हातारी आली, रामनगरहून नावेत बसून एक गृहस्थ सांधे धरल्याची तक्रार घेऊन आले. "गुरुजी, तनी हमहूँ के," म्हणत जो तो थोडं आपल्यालाही मागत हात पुढे करी आणि शास्त्रीबुवा एकेक फोड गंभीर चेहऱ्याने हातावर ठेवीत. इंदूकाकूंनी याची भाजी करू का म्हणून विचारलं, तेव्हा औषधाला कुणी फोडणी देतं का, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

स्वतः मात्र त्यांनी एक फोडही चाखली नव्हती. दुपारी दार लावून ते आयुर्वेदातल्या वनस्पतींचा निघंटू तीनदा चाळून बसले. त्यात मुष्टिफल नव्हतं, तसल्या रूपाचं दुसरंही काही नव्हतं. हे विषारी निघालं तर? उजाडल्याबरोबर ते कठड्याशी जात आणि श्रीरामराव अंगणात दात घासताना दिसले, की मगच चहा घेत.

कार्तिकस्नानासाठी लीलादेवी रोज पंचगंगा घाटावर येत. मूळच्या नेपाळच्या, वैधव्य आल्यावर काशीवासाला आलेल्या. इंदूकाकूंशी त्यांची मैत्री होती. त्या दिवशी तुळशीची पानं घ्यायला त्या वर आल्या, तेव्हा श्रीरामराव आणि आणखी चौघे फोडींसाठी बसलेलेच होते. वेल पाहून बाईंना हसू आवरेना.

"ई त इस्कुस है! बनारस में कहाँ से आया?"

त्यांच्या गावी म्हणे प्रत्येक कुंपणावर हा वेल असतो. फळांची भाजी करतात, कोवळ्या शेंड्यांचीही करतात आणि उरलेली उकडून डुकरांना घालतात.

सगळे शास्त्रीबुवांकडे वळले. शास्त्रीबुवांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "नावही मीच ठेवलं आणि गुणही मीच सांगितले."

बोलून झालं आणि त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आता लोक काय हवं ते बोलोत. पण श्रीरामराव भलत्याच गोष्टीवर रागावले.

"तुम्हाला नसेल माहीत, माझ्या गुडघ्यांना माहीत आहे," ते म्हणाले आणि लीलादेवींकडे वळले. "आपके गाँव में सुअरों के घुटने कभी दुखे?"

लीलादेवींनी मनापासून आठवून पाहिलं. तसं काही ऐकल्याचं त्यांना आठवेना.

"झालं तर," म्हणत श्रीरामरावांनी दोन फळं तोडली आणि ते जिना उतरून गेले.

मंडळी पांगल्यावर शास्त्रीबुवांनी बायकोला विचारलं, की हा वेल इथे आला तरी कुठून. इंदूकाकूंनी सांगितलं, आषाढात आपल्याकडे दक्षिणेकडचे यात्रेकरू उतरले होते, त्यांच्या टोपलीत मागे राहिलेल्या एका फळाला कोंब फुटला होता, तो आपणच हौदात पुरला.

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही श्रीरामभावजींना सांगत होतात ना."

त्या दुपारी चण्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून भाजी झाली. शास्त्रीबुवांनी आधी वास घेतला, मग एक घास, आणि शेवटी पातेलं पुढे ओढलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती भाजी होऊ लागली.

चैत्रात ऊन तापलं आणि वेल वाळून गेला. श्रीरामरावांचे गुडघे पुन्हा धरले. त्याचा दोष त्यांनी ना शास्त्रीबुवांना दिला, ना फळाला. एवढं गुणकारी औषध दोन धडधाकट माणसांनी पोळीशी खाऊन संपवलं, याचा राग मात्र त्यांनी पुढचा पावसाळा येईपर्यंत धरला.